बर्नार्डचे डोळे

पुरानी बस्ती, रायपूर
३ सप्टेंबर २०२५

शिशिर,

चाळीस पोरांचा एकत्र आवाज. आज दाढी करताना तो कानात आला आणि वस्तरा गालावरच थांबला. चौथी 'अ', वर पत्रे, बाहेर चिंचेखाली शिपायाची सायकल, आणि आत वर्ग कविता म्हणतोय. एकोणचाळीस जण एका तालात, तू अर्धी मात्रा मागे. ओळ संपून वर्ग श्वास घ्यायला थांबला की त्या पोकळीत तुझा शेवटचा शब्द एकटाच पडायचा. मी छडी टेबलावर आपटायचो. "शिशिर, गाडी सुटली रे तुझी!" तू उभा राहून म्हणायचास, "नाही सर, मी शेवटच्या डब्यात आहे." घरी काका आणि वर्गात सर, हे तुला तुझ्या बाबांनी, यशवंतरावांनी पढवलं होतं. माझ्या पोटच्या शेखरला ते कधी जमलं नाही. तो भर वर्गात "बाबा, शू" म्हणायचा.

साडेसहा वर्षांनी तुला लिहितोय. आशीर्वाद लिहायला गेलो तर हात अडला, म्हणून नुसतं नाव लिहिलं. मीरा हे तुला वाचून दाखवत असेल. मीरा, माझं अक्षर आता कापरं झालंय. जिथं लागणार नाही तिथं अंदाजानं वाच.

मी इथं देवळाच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटा राहतो. शेखर आणि पराग, दोन्ही पोरं, तिकडं नव्या कॉलनीत. तुझी काकू पद्मिनी गेल्यावर मीच म्हटलं, मला तुमच्यात ठेवू नका. मिलचा आपला जुना चौकीदार तुळशीराम दोन वेळचा डबा आणतो. हे पत्रही तोच पेटीत टाकेल. पत्ता पाहून म्हणाला, "अभनपूर? तासाभराचा तं रस्ता आहे गुरुजी. जाऊनच काहून नाही येत?" मी म्हटलं, "डबा ठेव तिथं."

तर लुईबद्दल लिहायचं होतं. रिटायर झाल्यावर मी एक वही घातली होती, आठवतं? फ्रँक लोकांचा सम्राट लुई, बाराशे वर्षांपूर्वीचा, शार्लमेनचा मुलगा. तू चिडवायचास, "काका, आपल्याकडचे राजे संपले का?" नागपूरला एम.ए.ला त्याच्यावर जेमतेम दीड पान होतं. बापाने निम्मा युरोप घोड्यांच्या टापांखाली घातला आणि मुलाला लोक 'भाविक' म्हणाले. त्या दीड पानानं मला का धरलं, कोण जाणे. त्याच्याबद्दल लिहिणाऱ्या एका पाद्र्यानं नोंदवलंय की तो दात दिसतील असा कधी हसला नाही. आणि लहानपणी शिकलेल्या जुन्या कविता त्यानं मोठेपणी टाकून दिल्या. वाचायच्या नाहीत, ऐकायच्या नाहीत, शिकवायच्याही नाहीत. तेव्हा मला त्याचा राग आला होता. आता वाटतं, त्या म्हणायला तोंड उरलं नसेल त्याला.

१८ नोव्हेंबरला मला कोर्टात उभं राहायचंय. शेखरच्या वकिलानं बचावाचा साक्षीदार म्हणून माझं नाव दिलंय, हे तुला कळलंच असेल. त्याबद्दल आज नको.

नीळूकाका

१४ सप्टेंबर

शिशिर,

उत्तर नाही. मी तुझ्या जागी असतो तर पत्र चुलीत घातलं असतं. तरी लिहितो.

सन ८१७. पवित्र गुरुवारची पूजा आटोपून लुई देवळातून महालाकडे चालला होता. वाट एका लाकडी ओवरीवरून होती, ती कुजलेली. राजा आणि बरोबरची वीस-पंचवीस माणसं तुळयांसकट खाली आली. लुईला खरचटण्यापलीकडे फार काही झालं नाही, पण मरण इतक्या जवळून गेलं की माणसाला वाटणीची घाई होते. त्याच वर्षीच्या जुलैत त्यानं तीन मुलांत राज्य वाटलं. इटलीवर तेव्हा त्याचा पुतण्या होता, बर्नार्ड. वारलेल्या थोरल्या भावाचा मुलगा, वय विशीच्या आसपास. त्या कागदात इटलीचं नाव होतं. बर्नार्डचं नव्हतं.

माझी ओवरी २०१८च्या श्रावणात पडली. छातीत दोन स्टेंट. चौथ्या दिवशी शेखर हॉस्पिटलात कागद घेऊन आला.

उरल्याच्या औद्योगिक वसाहतीतली ही सळ्यांची रोलिंग मिल यशवंतरावांनी उभी केली. भट्टीजवळ उभं राहून त्यांच्या भुवया कायमच्या जळाल्या होत्या. ते गेले तेव्हा तू सतरा वर्षांचा, म्हणून त्यांच्याच सांगण्यावरून सगळं माझ्या नावावर आलं. मास्तरच्या नावावर मिल! पण चालवलीस तू. वीस वर्षं. शेखर ऑफिसात बसायचा, पराग ट्रक बघायचा, आणि कामगार मालक म्हणून तुलाच हाक मारायचे. शेखरला ते फार लागायचं.

मी कागद वाचला होता, शिशिर. पोरं पुढं म्हणाली की बाबा औषधाच्या गुंगीत होते. नव्हतो. मिल शेखर आणि परागच्या नावे, हे मी दोनदा वाचलं आणि विचारलं, "शिशिरचं नाव?" शेखर म्हणाला, "त्याचं आपण पाहूच नं बाबा. तो तं घरचाच आहे." घरचा म्हणून कागदात नाही. मी सही केली. माझी सही नेहमी सरळ येते, तीही सरळ आली.

बर्नार्डनं काय केलं? आल्प्सच्या घाटवाटा अडवल्या. तू काय केलंस? मिलचं फाटक अडवलंस. पहिल्या दिवशी शेखरच्या गाडीची काच फुटली. दुसऱ्या दिवशी पराग जीपभर पोट्टे घेऊन गेला, आणि तुझ्या एका कामगाराचं डोकं त्यांनी लोखंडी पाइपनं असं फोडलं की कानामागचं हाड दिसत होतं म्हणे. तिसऱ्या दिवशी तुझ्या माणसांनी त्यातल्या एकाला फाटकाला बांधून गुडघा मोडला. मी तिथं गेलो तेव्हा रस्त्यावर एक चप्पल पडली होती. रक्तात माती कालवून तिचा रंगच कळत नव्हता. ट्रक तिच्यावरून जात होते.

पुढचं लिहायला बसलो की मला उरल्याचा लाल धुरळा दिसतो. आज इतकंच.

नीळूकाका

२ ऑक्टोबर, दसरा

शिशिर,

आज सकाळी बेलभंडाराची डबी पुजली. एकट्यानंच. तू लहान असताना त्या डबीसाठी शेखरशी भांडायचास.

मीरा, तुझ्या माहेरी ही रीत नाही म्हणून सांगतो. भोसल्यांच्या फौजेबरोबर आमचे लोक इकडे आले तेव्हापासूनची ही गोष्ट आहे. बेलाचं त्रिदळ आणि खंडोबाच्या भंडाऱ्याची हळद कागदात बांधून ज्याला पाठवली, तो माणूस आपल्याकडे अभय घेऊन येतो. कितीही वैर असो, जेवून, विडा घेऊन तो धडधाकट परत जातो. आमच्या पणजोबांनी ज्याच्याशी तलवारी झाल्या होत्या त्यालाही असा बोलावला होता. तो आला, जेवला, गेला. दोन-अडीचशे वर्षांत ही शपथ मोडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. म्हणूनच ती चालली.

मार्च २०१९. पद्मिनीनं पानं खुडली. मी चिठ्ठी लिहिली. 'ये. एकटा ये. मिलमध्ये बसून बोलू.' तुळशीराम ती घेऊन तुझ्याकडे आला. मीरा, तू म्हणालीस, माणसं बरोबर न्या. आणि शिशिर, तू म्हणालास, "काकाच्या हातचा बेलभंडार आहे. माणसं नेली तर तो त्यांचा अपमान." हे मी तुझ्या पोलीस जबाबाच्या नकलेत वाचलं.

बर्नार्डही असाच आला. शालों नावाच्या गावी त्यानं शस्त्रं खाली ठेवली. राणीनं त्याला अभयवचन देऊन बोलावलं, असं काही ठिकाणी लिहिलंय. आखेनला दरबार भरला आणि देहांताची शिक्षा झाली. मग लुई म्हणाला, जीव नको, नुसते डोळे काढा. दरबारानं याला दया म्हटलं. दोन दिवसांनी बर्नार्ड मेला. राजाच्या बाजूचा लेखक काय लिहितो? की डोळे गेल्याचं त्यानं धीरानं घेतलं नाही, म्हणून त्याला मरण आलं. वाच मीरा, पुन्हा वाच ते वाक्य. मरणाचा दोषही त्याचाच.

१० मार्च, रविवार, दुपार. एकच भट्टी चालू होती. तू केबिनमध्ये आलास, पाया पडलास. चहा आला. शेखर म्हणाला, "चल, चालता चालता बोलू." तू, शेखर आणि पराग, तिघं भट्टीकडे गेलात. मी केबिनमध्ये राहिलो. नंतरचं मी पोलिसांना सांगितलंय. लाल सळी रोलरमधून उसळली. मिलमध्ये अशी सळी उसळते, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? केबिनची काच धुरानं काळी झालेली. मला काही दिसलं नाही.

तूही जबाबात तेच लिहून दिलंस. 'काका केबिनमध्ये होते, त्यांना दिसलं नसेल. त्यांना ठाऊक असतं तर ते मधे पडले असते.' ही ओळ मी इतक्यांदा वाचलीय की तो कागद घडीवर फाटला.

हॉस्पिटलच्या जिन्यात शेखर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जीव तं नाही घेतला नं बाबा." त्याच्या शर्टाच्या बाहीला जळलेल्या केसांचा वास होता.

तू मेला नाहीस. बर्नार्ड जगला असता तर काय, हे कुठंच लिहिलेलं नाही.

नीळूकाका

२५ ऑक्टोबर

शिशिर,

दिवाळी झाली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पराग आला. सकाळी अकरालाच पिऊन.

तो दारातच बसला. आत ये म्हटलं तर येईना. आपले दोन्ही हात पुढं धरून म्हणाला, "बाबा, त्याच्या मनगटाच्या नाड्या अजून माझ्या हातात उडून राहिल्या. साबण लावला, फिनाइल लावलं. नाही जात." मग म्हणाला, "मी धरलं फक्त. मले वाटलं शेखरदादा नुसता दाखवून भेव देईन." आणि मग लहान पोरासारखा, "बाबा, तुम्ही सांगा नं काहीतरी."

मी त्याला पाणी दिलं.

तो बसलेला असतानाच शेखर जिना चढून आला. कोणी कळवलं होतं कोण जाणे. "काय बे, इथं येऊन गाऊन राहिला का?" पराग म्हणाला, "मी कोर्टात सांगीन." शेखरनं हातातलं हेल्मेट उचललं आणि त्याच्या तोंडावर मारलं. एकदा नाही. माझ्या दारात, माझ्या मुलानं माझ्या मुलाला. तिसऱ्या घावाला काहीतरी मोडल्याचा आवाज आला, ओला, ऊस मोडतो तसा. पराग जिन्यावरून गडगडत खालच्या वळणापर्यंत गेला. दोन दात पायरीवर पडले होते. शेखरनं ते बुटानं बाजूला सारले आणि मला विचारलं, "बाबा, जेवले का?"

जबड्याला तारा घातल्यात. पराग आता बोलू शकत नाही, कोर्टात काय आणि घरी काय.

जाता जाता शेखरनं खाली तुळशीरामला गाठलं. तुला पत्रं जातात हे त्याला कळलं होतं. "म्हाताऱ्याची डाक तू टाकतो का?" तुळशीराम म्हणाला, "हव." एवढंच. शेखरनं त्याचं मनगट पिरगाळून फाटकाच्या सळईत अडकवलं आणि जोर दिला. साठ वर्षांचा माणूस, शिशिर. ज्यानं तुम्हाला तिघांना खांद्यावर बसवून मंडईत फिरवलं. तो डाव्या हातानं डबा घेऊन दुसऱ्या दिवशीही आला. "पत्र असंन तं द्या," म्हणाला. मी दिलं नाही. हे मीच चालत जाऊन टाकीन.

लुईचा थोरला मुलगा लोथार. बापावरच उलटला. एका मैदानात बापाचं सैन्य समोर उभं होतं आणि ते एकेक करून मुलाकडे निघून गेलं. त्या जागेला लोक 'खोटेपणाचं मैदान' म्हणू लागले. पुढच्याच वर्षी या लोथारनं एका जोगिणीला, विरोधकाची बहीण म्हणून, दारूच्या पिंपात कोंबून नदीत बुडवलं. कुठं? शालोंला. बर्नार्डनं जिथं शस्त्रं ठेवली, तिथंच.

एक लक्षात ठेव. लोथार आकाशातून पडला नव्हता. बर्नार्डचे डोळे काढले तेव्हा तो मोठा झालेला होता. बाप कशाला दया म्हणतो, ते तो बघत होता.

नीळूकाका

९ नोव्हेंबर

शिशिर,

अक्षर मोठं काढतोय, कारण चष्मा नाही.

काल शेखर वकिलाकडून दोन पानं टाइप करून घेऊन आला. मी काय बोलायचं ते सगळं त्यात. जिलबी आणली होती. आधी गोड बोलला. "बाबा, टेन्शन काहून घेता? जे पोलिसांना सांगितलं तेच. सळी उसळली, काच काळी होती, बस. दहा मिनिटांचं काम." मला उभं केलं आणि स्वतः जज्जासारखा खुर्चीत बसला. "बोला, साक्षीदार." पाठांतर घेत होता माझं! मी आयुष्यभर पोरांकडून घेतलं तसं.

मी पहिलं वाक्य म्हटलं. दुसऱ्याला थांबलो.

"बोला."

"शेखर, ती काच काळी नव्हती."

तो हसला. "विसरले तुम्ही."

"आदल्याच दिवशी मी पुसून घेतली होती. पाहुणा येणार म्हणून."

त्यानं उठून माझी मान धरली. मागून, मांजरीनं पिलू धरावं तशी. आणि कपाळ भिंतीवर आपटलं. कॅलेंडर खाली आलं. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा चष्मा उडाला, आणि त्यानं तो बुटाखाली घेऊन फिरवला. काचेचा आवाज ऐकला मी. मग तोच बाथरूममधून ओला टॉवेल आणून माझं रक्त पुसायला लागला. रडत होता. "मी हे कोणासाठी केलं बाबा? तुमच्या सहीसाठीच नं? तुम्ही सही केली, मी ती राखली." आणि रडता रडता म्हणाला, "अठराला सकाळी नऊला गाडी घेऊन येतो. वाकडं बोलले तर परागचं तोंड पाहून घ्या."

मी आरशात बघायचा प्रयत्न केला. दिसलं नाही. बरं झालं.

शिशिर, अतिन्यी नावाच्या गावी, बर्नार्ड गेल्यावर चार वर्षांनी लुईनं भर सभेत, सरदारांसमोर, पाद्र्यांसमोर कबूल केलं की माझ्या पुतण्याशी मी जे केलं ते पाप होतं. सम्राट असून. कुणी विचारलं नव्हतं. काही इतिहासकार म्हणतात तो तिथंच संपला, त्यानंतर त्याचा धाक उरला नाही. असेल. मला वर्षानुवर्षं त्या सभेबद्दल एक प्रश्न पडतो. बर्नार्डची बायको तिथं होती का? त्याचा एक लहान मुलगा होता. त्याला कुणी सांगितलं का?

चार वर्षं. मला सहा लागली, आणि अजून मी सभेत नाही, पत्रातच बोलतोय.

नीळूकाका

१७ नोव्हेंबर

शिशिर,

उद्या साक्ष. आता लुई नको. वही मिटून ठेवली.

मला माहीत होतं.

चिठ्ठी लिहिली त्या दिवशी शेखर जेवताना म्हणाला, "एकदा येऊ द्या त्याले. त्याले दिसते फार. फाटकावर बसून सगळं दिसते त्याले." पद्मिनीनं वाढता वाढता भांडं खाली ठेवलं. ती म्हणाली, "बेलभंडार पाठवू. म्हणजे तुम्हालाही हात उचलता येणार नाही." तिनं खरंच तुला वाचवायला पानं खुडली. तिला वाटलं, शपथ पोरांना बांधेल. मला वाटलं नाही. शेखरनं आईसमोर मान डोलावली आणि माझ्याकडे बघून डोळा मिटला. एकच. मी ते बघितलं आणि पेन उचललं. ती शपथ त्यांच्यासाठी नव्हतीच, ती तुझ्यासाठी होती, तू माणसं आणू नयेस म्हणून. हे त्या खोलीत मला आणि शेखरला दोघांनाच कळलं होतं.

मारतील दोन-चार थपडा, पाय मोडतील, फाटक उघडेल, असं मी मनाशी म्हटलं. पाय मोडेल एवढं मी तुझ्यासाठी मान्य केलं होतं, शिशिर. मी तुझ्या पायाचा हिशेब धरला होता, डोळ्यांचा नाही. लुईनंही असंच काहीतरी धरलं असेल.

मग भट्टी. काच स्वच्छ होती. परागनं मागून तुझे हात धरले तेव्हा तुला गंमत वाटली. तू हसलास, मी बघितलं. मग शेखरनं सांडशीनं सळीचं टोक उचललं. पिवळं होतं, लाल नव्हतं, इतकं तापलेलं. तू केबिनकडे मान वळवलीस. माझ्याकडे. तुझं तोंड हललं, आवाज रोलरमध्ये बुडाला, पण चौथीपासून तुझे ओठ मला वाचता येतात. 'काका' नाही म्हणालास. 'सर' म्हणालास.

मी पडदा ओढला.

हेच ते. केबिनला हिरवा पडदा होता, ऊन यायचं म्हणून. मी उठलो, चार पावलं गेलो आणि तो ओढला. त्याच्या कड्या घसरल्याचा आवाज मी ऐकला. मग खुर्चीत बसून चहा प्यायलो. थंड झाला होता. पलीकडून तुझा आवाज मशीनच्याही वर चढून आला, आणि मी मनातल्या मनात ती चौथीची कविता म्हणत होतो. पूर्ण म्हटली. त्यानंतर मला तिची एकही ओळ आठवत नाही.

पद्मिनीला मी सांगितलं. सात महिन्यांनी ती गेली. दवाखान्यात म्हणाली, "मी खुडलेली पानं होती ती," आणि भिंतीकडे तोंड केलं.

उद्या मी हे कोर्टात सांगणार आहे. डोळा मिटल्याचं, सळीचं, पडद्याचं. शेखरला शिक्षा होईल, परागला होईल, मलाही काही होईल. तुझ्या जबाबातली ती ओळ मात्र उद्या जज्जासमोर खोटी पडेल. 'त्यांना ठाऊक असतं तर.' सहा वर्षं मी गप्प होतो ते शेखरच्या भीतीनं नव्हे. त्या ओळीच्या लोभानं.

मीरा, हे पत्र त्याला हळू वाच. थांबून थांबून.

नीळूकाका

१८ नोव्हेंबर, सकाळ

शिशिर,

कालचं पत्र अजून पेटीत पडायचं आहे, टेबलावरच आहे. साडेआठ झाले. धुतलेलं धोतर नेसून बसलो होतो. जिन्यावर पावलं वाजली. शेखर आज लवकर आला, असं वाटलं. उठून मीच दार उघडलं. चष्म्याशिवाय कोण आहे ते कळलं नाही. नुसता एक उंच, निळा आकार. बाईमाणसाचा. वाकून पाया पडायला लागली नाही म्हणून जरा वेळानं ओळखलं.

"काकाजी, मीरा."

मी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. पिशवीतून पत्रं काढून टेबलावर ठेवली. पाच. पाचही फोडलेली.

"मी त्यांना एक अक्षरही वाचून दाखवलं नाही," ती म्हणाली.

मला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही.

"एकही नाही काकाजी. पहिलं पत्र मी आधी एकटीनं वाचलं. मले वाटलं काही तरी लपून राहिलं याच्यात. मग प्रत्येकच एकटीनं वाचलं. काच पुसून घेतली होती, हे वाचलं तेव्हाच समजलं मले." मग टेबलावरचं कालचं पत्र तिनं उचललं, उभ्या उभ्या वाचलं. डोळे वर न करता. वाचून झाल्यावर तिनं खिडकी उघडली आणि खाली गल्लीत पाहिलं.

"रोज म्हणतात ते. जेवताना म्हणतात, कोणी भेटायला आलं तं म्हणतात. काकाला ठाऊक असतं तं काका मधे पडले असते. सगळं गेलं त्यांचं, हे एक शाबूत आहे. मी काहून फोडू?"

मी म्हटलं, "आज कोर्टात कळेलच."

"म्हणून तं आली." ती वळली. "तिथं वकील राहीन, शेखरभाऊजी राहीन, चार परके राहीन. त्यांच्यामधे बसून ऐकायचं का त्यांनी? खाली चला. तुम्ही सांगा. कागदावर नाही, तोंडानं." मग म्हणाली, "सांगितल्यावर ते तुमच्यासंग कोर्टात येतीन, का ऑटो परत फिरवतीन, मले माहीत नाही. मी तुमच्यासाठी नाही आली."

"शिशिर खाली आहे?"

"ऑटोत. कोर्टात चाललो, वाटेत एक काम आहे, इतकंच सांगितलं."

मी तिला म्हटलं, दोन ओळी लिहू दे. ती म्हणाली, "पेन ठेवा काकाजी, नऊ वाजून राहिले." गल्लीत ऑटोचं इंजिन बंद झालं आहे. खिडकी उघडी आहे. साडेसहा वर्षांत पहिल्यांदा तुझा आवाज येतोय, जाडा झालाय, पण तुझाच. तू ऑटोवाल्याला विचारतो आहेस,

"भैया, ये किसका घर है?"